कापूस भरला का ४० च्या वर हुंकार, मागच्या डिफरन्शियलचं काय करावं?

पांदणवाला
राम राम मंडळी. सव्वा टनी पिकअप. मागच्या हाउसिंगले (डिफरन्शियलच्या लोखंडी पेटीले) मागून झाकण नाही, गाभा (आतल्या दातेरी चक्रांचा अख्खा संच) समोरून निघते. रिकामी असली का काही नाही. कापूस भरून जिनिंगकडे निघालो का ४० ते ५५ मधी 'हूं...' असा आवाज येऊन रायला, पाय काढला का बंद. पहिल्या गिअरात क्लच सोडला का मागं एक 'ठक'. शाफ्ट जिथं डिफरन्शियलले जुळते त्या कप्लिंगच्या मागून तेल गळते. फिलर बोल्ट खोलून बोट घातलं त तेल चहासारखं, तेही दूध जास्त झालेल्या. गॅरेजवाला म्हणते भंगारातला अख्खा गाभा टाकतो, एका दिवसात गाडी देतो. टाकू का?

गोटीपाना_अकोट
भाऊ, तुम्ही तीन वेगळे आजार एकाच वाक्यात सांगितले. आवाज, ठक आणि पाणी. तिन्हीचं कारण एकच असेल असं नाही, म्हणून गाभा बदलायच्या आधी अर्धा दिवस तपासणीला द्या.

आवाजाचं पहिलं. पाय दाबल्यावर येतो आणि सोडल्यावर जातो, म्हणजे क्राऊनच्या (मोठ्या दातेरी चक्राच्या) दाताच्या ड्राइव्ह बाजूवर, गाडी ओढताना भार घेणाऱ्या बाजूवर, बोट जाते. उलट, पाय काढल्यावरच घरघर येत असती तर पिनियनचं (क्राऊनला फिरवणाऱ्या छोट्या चक्राचं) नट नाहीतर प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर आधीच दिलेला दाब, ढिला, असं पहिले म्हटलं असतं. दोन्ही वेळा सारखाच असता तर बेअरिंग किंवा टायर. पक्कं करायला मोकळा डांबरी रस्ता पाहा, ५० वर गाडी न्यूट्रल करा. आवाज पूर्ण गेला तर दात किंवा पिनियनचं बेअरिंग. तसाच राहिला तर हबचं बेअरिंग आणि टायरची नक्षी आधी. गाडी हलकी डावी-उजवी झुलवल्यावर आवाज कमी-जास्त झाला तर हबच.

ठक डिफरन्शियलमधून येते असं धरून चालू नका. प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्समधून मागं जोर नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, स्लिपचे दाते, सेंटर बेअरिंगचं रबर, पाट्याचे (मागच्या स्प्रिंगचे) यू-बोल्ट हे सगळे ठक करतात, आणि डिफरन्शियलपेक्षा सगळे स्वस्त. गाडीला पुढून उटी (चाकाला अडसर) लावा, शाफ्ट हातानं पिळून पाहा. क्रॉसमध्ये हाताला जाणवणारी ढील म्हणजे क्रॉस गेला.

लेथमास्तर_हिंगणघाट
वरच्यात एक जोड. शाफ्ट पिळताना कप्लिंग फिरते पण चाक हलत नाही, ती एकूण ढील. त्यात क्राऊन-पिनियनची ढील फार थोडी असते. जास्त ढील बहुतेक स्टारच्या (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या छोट्या चक्रांच्या) मागच्या वॉशरांची आणि स्टार ज्या पिनेवर फिरतात त्या पिनेची. काळ्या मातीत एक चाक फसलं आणि माणूस रेस देत बसला की तेच झिजतं. दोन्ही चाकं सारखी फिरत असताना स्टार पिनेवर फिरतच नाहीत. एक चाक थांबलं की दुसरं क्राऊनच्या दुप्पट वेगानं फिरतं, आणि स्टार सुसाट. पिनेपर्यंत तेल तेव्हा नीट पोचत नाही. पीन निळी पडते, मग खाचा.

बाहेर काढल्यावर पिनेवर नख फिरवा. नख अडकलं तर पीन आणि स्टार जोडीनं बदला. नुसते वॉशर टाकून ठक दोन महिने दबते.

संत्रापट्टा
तेल चहासारखं म्हणजे नाल्यातून गाडी काढली असन. पण हाउसिंग तर बंद असते. पाणी जाते कुठून?

गोटीपाना_अकोट
ब्रीदरमधून, म्हणजे हाउसिंगवरच्या हवा ये-जा करायच्या टोपीतून, आणि ब्रीदर बंद असेल तर सीलमधून. भरलेली गाडी तास-दीड तास चालली की एक्सलचं तेल आणि आतली हवा चांगली तापते. त्याच गरम हाउसिंगवर नाल्याचं थंड पाणी आलं की आतली हवा आकसते. वरचा ब्रीदर मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर तो हवा ओढतो. चिखलानं बुजला असेल तर आत पोकळी होते आणि सीलच्या ओठातून पाणी आत खेचलं जातं. उन्हाळ्यात हेच उलटं. ब्रीदर बुजलेला, आतला दाब वाढलेला, तेल पिनियनच्या सीलमधून नाहीतर एक्सलच्या सीलमधून ब्रेकच्या लायनरवर. त्यामुळे सील गळतं म्हटलं की आधी ब्रीदरची टोपी हातानं फिरवून, वर उचलून पाहा. ती हलायला पाहिजे.

पांदणवाले भाऊ, तुमच्या ठिकाणी पिनियनचं सील गळते आणि पाणीही गेलं, म्हणजे ब्रीदर बुजला असल्याची शक्यता मोठी. तो तसाच ठेवून नवा गाभा टाकला तरी पुढच्या पावसाळ्यात हेच.

पांदणवाला
ब्रीदर पाह्यला. टोपी हलतच नाही, गेरूसारखा चिखल जमून गेला. क्रॉस ठीक हाय, सेंटर बेअरिंग ठीक. न्यूट्रलमधी आवाज जाते. म्हणजे गाभा काढाच लागते ना?

गोटीपाना_अकोट
काढा. पण काढायच्या आधी दोन मोजमापं घ्या, नाहीतर पुढं आंधळं काम. गाडी घोडीवर, तेल काढा. आधी वरचा फिलर बोल्ट खोला, मगच खालचा. फिलर जाम झालेला असला आणि तुम्ही तेल सोडून बसले तर गाडी तिथंच उभी. निघालेलं तेल ट्रेमध्ये उन्हात पाहा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी मलमासारखा लगदा असणं नेहमीचं. पापुद्रे, टोकदार कण, दाताचा तुकडा निघाला तर पुढचा बेत बदलतो.

एक्सल शाफ्ट दोन्ही बाजूनं किमान हातभर बाहेर घ्या. मग प्रोपेलर शाफ्ट, कप्लिंगवर खूण करून. गाभ्याचे नट सुटले तरी तो चिकटून असतो, आणि वजन एका माणसाला झेपत नाही, खाली जॅक लावूनच सोडवा.

गाभा टेबलावर आला की डायल गेज क्राऊनच्या दाताला काटकोनात लावा, पिनियन घट्ट धरा, क्राऊन हलवा. चार जागी मोजा. नव्या सेटला साधारण ०.१५ ते ०.२० मिमी बॅकलॅश (दोन चक्रांच्या दातांमधली ढील) असतो, तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात जो दिला असेल तो खरा. चार जागांत ०.०५ पेक्षा जास्त फरक म्हणजे क्राऊन वाकडा बसला किंवा केसच्या तोंडावर कचरा. दुसरं, दातांवर रंग लावून दात कुठं टेकतात त्याचा ठसा घ्या आणि फोटो काढून ठेवा.

मग बेअरिंगच्या टोप्या. डावी-उजवी आणि वर-खाली पंचनं खूण करा. टोप्या हाउसिंगसोबतच कापलेल्या असतात, अदलाबदल झाली की बेअरिंग कधी नीट बसत नाही.

घाटवळण_चिखलदरा
भंगारातल्या गाभ्याबद्दल कोणी बोललं नाही. इतका वाईट नाही तो, फक्त तीन गोष्टी पाहून घ्या. एक, दात मोजा. ३७ आणि ९ म्हणजे ४.११, ३९ आणि ८ म्हणजे ४.८७५. त्याच कंपनीच्या, त्याच दिसणाऱ्या गाभ्यात वेगळं गुणोत्तर निघते. न खोलता मोजायचं तर दोन्ही चाकं उचला, एक चाक धरून ठेवा, दुसरं दोन पूर्ण फेरे फिरवा. प्रोपेलर शाफ्टचे जितके फेरे झाले ते गुणोत्तर. दोन, एक्सलचे स्प्लाइन (टोकाच्या खाचा) जुळतात का. तीन, क्राऊन आणि पिनियनवर कोरलेला जोडी क्रमांक एकच आहे का. जोडी एकत्र घासून बनवलेली असते. एकाचा क्राऊन, दुसऱ्याचा पिनियन असा सेट कितीही शिम (अंतर जुळवायची पातळ चकती) टाकली तरी ओरडणारच.

बाकी, भंगारातल्या गाभ्यात बेअरिंग आणि सील नवे टाकायचेच. पाण्यात भिजून पडलेल्या गाडीतून निघाला असेल तर बेअरिंगच्या गोट्यांवर गंजाच्या आडव्या रेषा असतात.

लेथमास्तर_हिंगणघाट
ह्या गाडीच्या स्वतःच्या बेअरिंगातही त्याच रेषा सापडायची शक्यता आहे. पाणी मिसळलेलं तेल दोन-तीन महिने फिरलं तर मानूनच चाला. बेअरिंगची आतली रिंग आणि बाहेरचा कप जोडीनंच बदला, जुन्या कपात नवी रिंग बसवू नका. बसवताना बेअरिंग तेलात १०० ते ११० अंशांपर्यंत तापवा. गॅसच्या ज्योतीनं नाही, एका बाजूनं निळं पडलं की कडकपणा गेला.

पांदणवाला
खोललं. पिनियनच्या मोठ्या बेअरिंगले रेषा, दातांवर ड्राइव्ह बाजूले वरच्या काठाजवळ चमकते आणि बारीक खड्डे. नवा सेट घ्यायचं ठरवलं. शिम जुनीच टाकू का?

गोटीपाना_अकोट
सुरुवात जुन्या शिमनं करा, शेवट तिच्यावर होईल असं धरू नका. पिनियनच्या डोक्यावर +३, −२ असा आकडा कोरलेला असतो. बहुतेक एक्सलात, शिम डोक्याच्या आणि मोठ्या बेअरिंगच्या मध्ये असेल तर अधिक म्हणजे शिम कमी, उणे म्हणजे शिम वाढवा. जुन्या पिनियनवर −२ आणि नव्यावर +३ असेल तर पाच आकडे कमी. पण आकडा इंचाच्या हजाराव्या भागात आहे की मिमीच्या शंभराव्या, ते गाडीच्या पुस्तकात पाहा, दोन्हीत अडीच पटीचा फरक पडतो.

ही फक्त पहिली अटकळ. खरा न्यायाधीश ठसा. दात धुऊन कोरडे करा, पाच-सहा दातांना दोन्ही बाजूंनी मार्किंग पेस्ट पातळ लावा. क्राऊनला लाकडाच्या तुकड्यानं थोडा अडसर द्या, म्हणजे ठसा दाबाखाली उमटेल. मग पिनियन फिरवून क्राऊनचा एक पूर्ण फेरा पुढं, एक मागं.

ठसा दाताच्या माथ्याकडं असेल तर पिनियन क्राऊनपासून दूर आहे, शिम वाढवा. मुळाकडं असेल तर फार आत गेला, शिम कमी करा. मुळाकडं जाताना ड्राइव्ह बाजूचा ठसा आतल्या टोकाकडं सरकतो आणि उलट्या बाजूचा बाहेरच्या टोकाकडं. दोन्ही बाजू एकाच वेळी पाहिल्या तर गोंधळ होत नाही. ठसा फक्त आतल्या टोकाला असेल आणि उंची ठीक असेल तर क्राऊन थोडा बाहेर, बाहेरच्या टोकाला असेल तर थोडा जवळ. शिम पहिल्या वेळी ०.१० ते ०.१५ नं बदला, मग ०.०५ नं. ०.०२ नं चालू केलं तर ठसा सरकलाच की नाही कळत नाही आणि दिवस जातो.

तुमच्या जुन्या सेटची चमक माथ्याकडं होती, म्हणजे जुनीच शिम पातळ होती अशी शंका घ्यायला जागा आहे. बेअरिंग झिजूनही तसं होते, म्हणून पक्कं नाही.

संत्रापट्टा
मधात विचारतो. इकडं एक जण सांगते का बॅकलॅश जरा जास्त ठेवला का हुंकार बंद होते, जास्त आवळला का गरम होते. खरं का?

लेथमास्तर_हिंगणघाट
दुसरं खरं, पहिलं नाही. हुंकार ठशाच्या जागेचा असतो. बॅकलॅश वाढवून ठसा बाहेरच्या टोकावर ढकलला जातो, काही दिवस आवाजाची जात बदलते, माणसाला वाटतं गेला. मग बाहेरच्या टोकाचे दात खातो. बॅकलॅश ठरलेल्या हद्दीत, ठसा दाताच्या मध्यावर, ह्याशिवाय तिसरा उपाय नाही.

ह्या प्रकारच्या गाभ्यात बाजूला आट्याच्या रिंगा असतात. एक रिंग एक खाच सोडली तर दुसरी तितकीच आवळायची, नाहीतर बाजूच्या बेअरिंगचा दाब बदलतो. मागून झाकण असलेल्या हाउसिंगात तेच काम शिमनं. तिथं क्राऊन ०.१० मिमी सरकवला की बॅकलॅश साधारण ०.०७ नं बदलतो, हा हिशेब लक्षात ठेवला तर दोन-तीन डावात बसते.

पांदणवाला
पिनियनचं नट किती आवळायचं? गॅरेजवाला म्हणते 'दोन माणसाचा जोर'.

गोटीपाना_अकोट
दोन माणसं कोण, त्यावर अवलंबून आहे! नटाचा जोर नाही मोजायचा, पिनियन फिरवायला लागणारा जोर मोजायचा. बेअरिंगच्या मध्ये दबणारी कॉलर असेल तर ती दबायला सुरुवात व्हायलाच कधी कधी २०० न्यूटन-मीटरच्या वर जोर लागतो, कप्लिंग धरायला दोन मीटरचा दांडा करून घ्या. एकदा दबायला लागली की पाव-पाव फेऱ्यापेक्षाही कमी आवळा, आणि दर वेळी मोजा.

मोजायला कापसाच्या वजनाचा नाही, छोटा स्प्रिंगचा काटा घ्या. कप्लिंगच्या घेराला सुतळी गुंडाळा, काटा अडकवून सावकाश ओढा. फिरायला लागतानाचा झटका सोडून द्या, एकसारखं फिरत असतानाचा आकडा वाचा. कप्लिंगचा व्यास १० सेमी असेल आणि काटा ४ किलो दाखवत असेल तर सुमारे २ न्यूटन-मीटर. नव्या बेअरिंगला १.५ ते ३ च्या आसपास, जुनी परत टाकली तर त्याच्या निम्मं. हे क्राऊन न बसवता आणि सील न लावता मोजायचं, दोघंही आकडा वाढवतात.

जास्त आवळलं गेलं तर नट मागं सोडून भागत नाही. दबलेली कॉलर परत फुगत नाही, प्रीलोड शून्य होतो. नवी कॉलर टाका. म्हणून दोन आणून ठेवा.

घाटवळण_चिखलदरा
ह्याच कारणानं नुसतं पिनियनचं सील बदलतानाही गडबड होते. सील टाकलं, नट इम्पॅक्टनं मारलं, दोन हजार किलोमीटरमध्ये बेअरिंग जळालं. नट खोलायच्या आधी नट आणि शाफ्टवर एकच रेघ मारा, फिरवायचा जोर मोजून लिहून ठेवा. परत बसवताना त्याच रेघेवर आणा आणि आधीच्यापेक्षा अगदी थोडा, ०.३ ते ०.५ न्यूटन-मीटर जास्त जोर येईल एवढंच. कप्लिंगवर सीलच्या ओठाची खाच पडली असेल तर नवं सीलही गळेल. त्या खाचेवर पातळ स्लीव्ह चढवा.

घाट उतरताना गिअरवर गाडी धरली की सगळा भार दाताच्या उलट्या बाजूवर येतो. मेळघाटात चालणाऱ्या गाड्यांचा उलट्या बाजूचा ठसाही तितक्याच काळजीनं पाहिला पाहिजे. मैदानी भागात तिकडं कोणी बघत नाही.

संत्रापट्टा
तेल कोणतं? ८०डब्ल्यू-९० का ८५डब्ल्यू-१४०?

गोटीपाना_अकोट
जीएल-५ दर्जाचं तेल पाहिजे, हे पहिलं. क्राऊनवर पिनियन मधल्या रेषेच्या खाली बसलेला असतो, म्हणून दात नुसते लोळत नाहीत, घसरतातही. त्या घसरणीला गंधक-फॉस्फरसची भर जास्त असलेलं जीएल-५ लागते. गिअरबॉक्सचं उरलेलं जीएल-४ इकडं ओतू नका, आणि हे गिअरबॉक्समध्ये नको. पितळेच्या सिंक्रो रिंगा कुरतडते.

जाडीचं म्हणाल तर कंपनीनं जे सांगितलं ते. दोन्ही चालतात असं पुस्तकात असेल तर आपल्याकडच्या ४५ अंशाच्या उन्हात, भरलेल्या गाडीला १४० ठीक. हिवाळ्यात सकाळी पहिले दहा मिनिटं गाडी जड वाटेल, तेवढंच. किती भरायचं, तर गाडी सपाट जागी उभी करून फिलरच्या खालच्या काठापर्यंत, जास्तीचं वाहून जाऊ द्या. चढावर उभी करून भरलं तर आकडा खोटा. गाभ्याच्या तोंडाला सिलिकॉन लावत असाल तर सुतळीएवढीच धार, ढेपाळ लावलं तर आतली कड तुटून तेलात फिरते.

पांदणवाला
सेट बसला. बॅकलॅश ०.१७, ०.१८, ०.१६, ०.१८. ठसा मध्यात, थोडा आतल्या टोकाकडे. जुन्या शिमवर ०.१० वाढवली. बरोबर ना?

लेथमास्तर_हिंगणघाट
उत्तम. भाराखाली ठसा थोडा बाहेर सरकतो, म्हणून मोकळ्यात आतल्या टोकाकडं असलेला चालतोच. क्राऊनचे बोल्ट नवे टाकले आहेत ना, आट्याला लॉकटाइटसह, समोरासमोर टप्प्याटप्प्यानं?

आता लगेच कापूस नको. पहिल्यांदा २०-२५ किमी रिकामी चालवा, अर्धा तास थंड होऊ द्या, परत तेवढंच. असे चार-पाच डाव. नव्या दातांचं घासणं ह्याच वेळेस होते आणि तापतेही तेव्हाच. पहिले ५०० किमी अर्ध्या वजनावर, मग तेल बदला. पहिल्या तेलात धातूची भुकटी असते, ती पुढच्या बेअरिंगला खाते.

संत्रापट्टा
भाऊ, चिखलात गाडी फसूच नये म्हणून स्टार वेल्ड करून टाकतात काही लोक, ते कसं?

घाटवळण_चिखलदरा
नोका करू. शेतातून बाहेर काढायला जोर मिळतो, पण डांबरी वळणावर आतलं चाक कमी आणि बाहेरचं जास्त फिरायला पाहिजे, ते जमत नाही. टायर घासतात, भरलेल्या गाडीत एक्सलचा शाफ्ट पिळून तुटतो. वेल्डचा तुकडा निघाला तर क्राऊनमध्येच जातो.

त्याऐवजी मेकॅनिकल लॉकर किंवा लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारी रचना) बसते का ते तुमच्या एक्सलसाठी विचारा. लिमिटेड स्लिपमध्ये प्लेटी असतात, त्यांना वेगळी भर असलेलं तेल लागते, साध्या तेलावर वळणात कुरकुरते. दोन्ही प्रकारांत मागचे दोन्ही टायर सारख्याच झिजेचे ठेवा, नाहीतर सरळ रस्त्यावरही आतला भाग सतत काम करत राहतो. काहीच नसेल तर चाक घसरायला लागलं की हँडब्रेक एक-दोन खाचा ओढून पाहा. फिरणाऱ्या चाकाला अडसर मिळाला की थोडा जोर दुसऱ्याला जातो. थोडाच, आणि लायनर तापेपर्यंत नाही.

आणि कोणी वजनासाठी ४.११ चं ४.८८ करतो म्हणाला तर हिशेब सांगा. ६० च्या वेगाला इंजिन २००० फिरत होतं ते सुमारे २३७० फिरेल. डिझेल जास्त जाईल. मीटरची तार गिअरबॉक्समधून असेल तर मीटर १८-१९ टक्के जास्त दाखवेल. फोर बाय फोर असेल तर पुढचंही बदलावं लागेल.

पांदणवाला
ते नाही करत. ब्रीदरले नळी लावून वर आणतो, ते सांगा.

गोटीपाना_अकोट
डिझेलची रबरी नळी घ्या, पाण्याची प्लास्टिक नळी तेलाच्या वाफेनं कडक होते. टोपी काढून तिथं नळीचा निप्पल बसवा. केबिनच्या मागच्या भिंतीपर्यंत वर न्या, तोंड खाली वळवा, त्यावर छोटा फिल्टर. मध्ये कुठंही झोळ पडू देऊ नका. झोळात पाणी साचलं की ब्रीदर परत बंद. पाटे खाली-वर होताना ताणली जाणार नाही एवढी ढील ठेवा, एकदा गाडी भरून आणि एकदा चेसिसखाली जॅक लावून पाहा.

पांदणवाला
फूटभर ढील ठेवली त टायरले लागते.

गोटीपाना_अकोट
मग ती नळी शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या बाजूनं नेऊच नका. हाउसिंगवर जो ब्रेकचा लवचिक पाइप येतो ना, त्याच्यासोबत क्लिप मारत न्या. पाटे पूर्ण दबले आणि पूर्ण लोंबले तरी तो पाइप कुठं घासत नाही, हे मोजूनच त्याची वाट काढलेली असते. क्लिप मात्र लवचिक भागावर नको, दोन्ही टोकांच्या पक्क्या भागावर.